ट्रे दिसतो, बाई दिसत नाही

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका दैनंदिन मालिकेचं आहे. मालिकेचं, वाहिनीचं आणि माणसांचं नाव देत नाही. ओळख पटेल असे कथानकातले तपशीलही बदलले आहेत. मी तिचा संकलक होतो. म्हणजे जे चुकलं त्यातला बराच वाटा माझ्याच टेबलावर चुकला.

कथा दोन घरांची. एक कारखानदाराचा बंगला आणि दुसरं त्या बंगल्यात वीस वर्षं काम करणाऱ्या बाईंचं दोन खोल्यांचं घर. बाईंच्या मुलीला मालकांच्याच कंपनीत अधिकाऱ्याची नोकरी लागते आणि दोन्ही घरांची बसलेली घडी विस्कटते. लेखकांनी काम मनापासून केलं होतं. बाई रडक्या नव्हत्या, मालकीणबाई खलनायिका नव्हत्या. संहितेत दोघींच्या वाट्याला जवळपास सारखीच वाक्यं होती. पहिल्या वाचनानंतर सगळे एकमेकांना सांगत होते, की ही मालिका ‘तसली’ नाही.

पहिल्या आठवड्याचे भाग जोडून झाले तेव्हा ती तसलीच झाली होती, आणि हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

अडचण

बाईंची भूमिका करणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्री पहिले तीन भाग बघायला संकलनाच्या खोलीत आल्या. युनिटमध्ये सगळे त्यांना ताई म्हणतात. दिवाणखान्यातला प्रवेश संपला आणि त्या शांतपणे म्हणाल्या, “दादा, ट्रे फार सुंदर दिसतोय हो. मी कुठे आहे?”

मी हसलो. ताई गेल्यावर तोच प्रवेश पुन्हा लावला आणि वहीत रेघा मारायला घेतल्या.

प्रवेश तीन मिनिटांचा. मालकीणबाई आणि दोन पाहुणे सोफ्यावर, बाई ट्रे घेऊन येतात आणि मुलीच्या नोकरीची बातमी देतात. एकूण शॉट ३६. त्यात मालकीणबाईंचे क्लोजअप १५. बाई दिसतात असे शॉट ५. त्यातले दोन मास्टर, म्हणजे सगळी खोली आणि त्यात त्या. एक पाहुण्याच्या खांद्यावरून, एक पाठमोरा. राहिलेला एकच क्लोजअप, आणि तो त्यांच्या हातांचा. ट्रेसकट.

आता ते बातमीचं वाक्य. वीस वर्षं राबून मुलीला शिकवलेली आई ते वाक्य बोलते. बाईंनी तोंड उघडलं आणि दुसऱ्याच शब्दाला मी मालकीणबाईंच्या चेहऱ्यावर कापलं होतं. बोलत होत्या एक, दिसत होत्या दुसऱ्या. संकलकाच्या हाताला हे वळणच असतं. बोलणारं माणूस सोड, ऐकणारं धर, नाट्य प्रतिक्रियेत असतं, असं शिकवलेलं असतं, आणि ते खोटंही नाही. चित्रपट दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी १९२०च्या सुमारास रशियात एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांना जोडून दाखवला होता. प्रेक्षक जोडणीवरून भाव ओळखतो, चेहरा तोच असला तरी. मी केलेल्या जोडणीत बाईंची बातमी मालकीणबाईंची घटना झाली होती. मुलगी बाईंची, धक्का मालकीणबाईंचा.

मग दुसरे प्रवेशही मोजले. आकड्यांपेक्षा त्यातल्या सवयी बोलक्या निघाल्या. मालकीणबाई चालल्या की कॅमेरा त्यांच्याबरोबर चालत होता. बाई चालल्या की कॅमेरा जागेवर थांबत होता आणि त्या चौकटीच्या एका कडेने शिरून दुसऱ्या कडेने निघून जात होत्या. मालकीणबाई जिन्यावरून उतरताना कॅमेरा खाली, नजर वर. तो शॉट सेकंदाला ५० फ्रेम्सनी टिपून २५नी चालवलेला, म्हणजे पाऊल निम्म्या गतीने पडतं आणि आपोआप भारदस्त होतं. बंगल्यात ८५चं, म्हणजे ८५ मिलिमीटरचं, लांबून चेहरा जवळ आणणारं लेन्स आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र, जवळजवळ पूर्ण उघडं. त्यामुळे पुढचा चेहरा धारदार आणि मागचं सगळं धूसर. त्या ‘मागच्या सगळ्यात’ फुलदाणी, पडदा आणि बाई.

फोकस बाईंवर कधी येतो तेही शोधलं. तीन भागांत तो फक्त दोन कारणांनी आला होता. हातून काहीतरी पडून फुटलं तेव्हा, आणि त्या दाराआडून ऐकत होत्या तेव्हा. लेखकांच्या कागदावर अशी ओळ कुठेच नव्हती, पण पडद्यावर बाईंच्या स्वभावाची दोनच अंगं उरली होती: वेंधळेपणा आणि चोरून ऐकणं.

हे झालं कसं

कुणी ठरवून केलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

बंगला स्टुडिओत बांधलेला. वर दिव्यांची जाळी, तीन कॅमेरे, कॅमेरा मागे न्यायला हवी तेवढी जागा. बाईंचं घर मात्र ‘खरं वाटावं’ म्हणून खऱ्या घरात चित्रित केलं. खोली लहान, दिवे उभे करायला जागा नाही, कॅमेरा एकच आणि तोही खांद्यावर, कारण ट्रॉलीचे रूळ मावत नाहीत. मागे सरकता येत नाही म्हणून १८ किंवा २४चं, जवळूनही बरीच जागा चौकटीत घेणारं लेन्स. अशा लेन्सने चेहरा भरून घ्यायचा तर हातभर अंतरावर जावं लागतं, मग नाक मोठं होतं, कान मागे जातात, माणूस थोडं चिरडल्यासारखं दिसतं. दोष लेन्सपेक्षा अंतराचा, पण प्रेक्षकाला अंतर दिसत नाही, चेहरा दिसतो. छताला एकच ट्यूब. वरून पडणाऱ्या उजेडाने डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो. शिवाय साध्या ट्यूबच्या प्रकाशात हिरवट झाक असते. आपले डोळे ती सांभाळून घेतात, कॅमेरा घेत नाही.

म्हणजे बंगल्यात ८५ आणि इथे १८, तिकडे स्थिर आणि इकडे हलतं, तिकडे मधाळ आणि इकडे हिरवट. हे सगळं कुठल्याही विचारातून आलं नव्हतं, खोलीच्या मापातून आलं होतं. पुढे रंगसंस्काराला बसलेल्या कलरिस्टला वाटलं, की दिग्दर्शकांना असंच हवंय. त्याने बंगल्यात सोनेरी छटा आणखी चढवली आणि बाईंच्या घरातले रंग उतरवले. अपघाताची शैली झाली.

ध्वनीचं तर विचारूच नका. बंगल्याच्या प्रवेशांखाली शांतता आणि हलकी पियानोची सुरावट. बाईंच्या घराखाली संग्रहातला तयार ‘वस्ती’ ट्रॅक: भांडी, लांबचं भांडण, कुत्रं आणि रडणारं एक तान्हं मूल. तो ट्रॅक ४० सेकंदांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. त्यामुळे ते एकच मूल दुपारी तीनलाही रडत होतं आणि मध्यरात्रीही, आठवडाभर, त्याच सुरात. कुणीतरी त्याला घ्यायला हवं होतं, असं मला आता वाटतं.

स्टिरिओटाइप हा शब्द मूळचा छापखान्यातला. जुळवलेल्या खिळ्यांचा साचा घेऊन धातूचा अखंड पत्रा ओतायचा, म्हणजे तीच पानं पुन्हा जुळवणी न करता छापता येतात. अमेरिकी पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२मध्ये तो शब्द माणसांबद्दलच्या तयार समजुतींसाठी वापरला. आपण मराठीत ठोकळेबाज म्हणतो. छापखानेवाले साचा वापरत ते वेळ आणि मेहनत वाचवायला. रोज एक भाग पुरवणाऱ्या युनिटलाही नेमकं तेच वाचवायचं असतं.

समोर असलेले पर्याय

दिग्दर्शक, छायाचित्रकार, वाहिनीच्या क्रिएटिव्ह हेड मॅडम आणि मी असे बसलो. मी वही पुढे केली. छायाचित्रकार आधी चिडले आणि मग स्वतःच दोन सवयी सांगितल्या, ज्या माझ्या वहीत नव्हत्या.

पहिला पर्याय होता तसंच चालू देण्याचा. तो मांडला मॅडमनी, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. “प्रेक्षक मधूनच येतो, हातात रिमोट असतो. आपण कुठल्या घरात आहोत हे त्याला दोन सेकंदांत कळलंच पाहिजे. तुम्ही म्हणता तो साचा, मी म्हणते ती पाटी.” पाटी लागते, हे मान्यच करावं लागलं. प्रश्न एवढाच होता, की पाटी दोन सेकंदांची आहे आणि आम्ही ती बावीस मिनिटं लावून ठेवली होती.

दुसरा पर्याय दिग्दर्शकांचा: बाईंचं घर सुंदर करायचं. कोवळा उजेड, संथ कॅमेरा, खालचा कोन, बासरी. अन्याय झाला ना, मग भरपाई करू.

तिसरा: दोन्ही घरांना हुबेहूब एकच मांडणी. तेच लेन्स, तीच उंची, तोच प्रकाश. हिशेबाला सोपा. पण दोन घरं खरोखर वेगळी आहेत आणि जागेची टंचाई हा कथेचाच भाग आहे. ती पुसून टाकणं ही वेगळी लबाडी झाली असती.

चौथा पर्याय छायाचित्रकारांनी सुचवला, तेही जाता जाता. ते म्हणाले, “आपण घराप्रमाणे लेन्स लावतोय. प्रवेश कुणाचा आहे ते बघून लावू या की.” बंगल्यातला प्रवेश बाईंचा असू शकतो. मग कॅमेरा त्यांच्या उंचीवर, त्यांच्या बाजूला, आणि धूसर व्हायचं ते मालकीणबाईंनी. बाईंच्या घरात मालकीणबाई येतात तेव्हा तो प्रवेश कदाचित मालकीणबाईंच्या अवघडलेपणाचा असेल.

त्या दिवशी आम्ही दुसरा पर्याय निवडला. सोपा होता, आणि त्यात आपण चांगली माणसं आहोत असं वाटण्याची सोय होती.

काय केलं

पुढचे दोन भाग भरपाईचे झाले. खिडकीबाहेर मोठा दिवा लावून आत सोनेरी तिरीप सोडली, थोडा धूर केला, म्हणजे ती तिरीप उठून दिसते. बाई खिडकीपाशी, मागून उजेड, केसांना प्रभावळ, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवरून वर बघतोय. पहिला टेक झाल्यावर लाइटदादांनी विचारलं, “सर, आज या घरात लग्न आहे का?” सगळे हसले. शॉट तसाच राहिला, कारण युनिट थांबवायला वेळ नव्हता.

जोडताना मात्र तो घशात अडकला. आधी बाई सामानात जमा होत्या, आता देव्हाऱ्यात बसल्या होत्या. ‘गरीब पण सोन्यासारखी’ हा साचा पहिल्यापेक्षा जुना आहे आणि जास्त चिवट, कारण त्याला कुणी नावं ठेवत नाही. शिवाय मूर्तीला राग येत नाही, हाव सुटत नाही, ती खोटं बोलत नाही. पुढच्याच आठवड्यात संहितेप्रमाणे बाईंना मुलीशी खोटं बोलायचं होतं. त्या प्रभावळीखाली ते खोटं विश्वासघात वाटलं असतं. साध्या चेहऱ्यावर ते साधं, माणसाचं खोटं वाटतं.

मग चौथ्या पर्यायाकडे वळलो. दिग्दर्शकांनी एक कागद मॉनिटरच्या कडेला चिकटवला. त्यावर तीनच ओळी होत्या. हा प्रवेश कुणाचा? ज्याचं वाक्य महत्त्वाचं, ते निदान एकदा त्याच्याच चेहऱ्यावर. काही फुटलं नसतानाही फोकस द्या.

बाईंच्या घराची मुख्य खोली स्टुडिओत बांधली, मापं तीच ठेवली, पण एक भिंत सरकती केली. ती बाजूला केली की कॅमेरा दहा फूट मागे जातो आणि ५०चं लेन्स लावता येतं. खोली लहानच दिसते, माणूस चिरडलेला दिसत नाही. बाई आणि मालकीणबाई, दोघींचे क्लोजअप ५०वर, डोळ्यांच्या उंचीवरून. छतावरची ट्यूब राहिली, कारण ती त्या घरातली आहे, पण तिला हिरवी झाक मारणारा किरमिजी जिलेटिन कागद गुंडाळला आणि चेहऱ्यासाठी दाराबाहेरून एक मऊ दिवा दिला. खांद्यावरचा कॅमेरा बंद केला नाही. मुलगी घाईत आहे, मन सैरभैर आहे, तेव्हा तो वापरायचा, मग ती बंगल्यात असो की घरी.

या खांद्यावरच्या कॅमेऱ्याचं थोडं सांगायला हवं. ब्रिटिश दिग्दर्शक केन लोच यांनी ‘कॅथी कम होम’ हे बेघर कुटुंबावरचं नाट्य केलं आणि बीबीसीने ते १९६६च्या नोव्हेंबरमध्ये दाखवलं. स्टुडिओबाहेर पडून १६ मिमी फिल्मवर, हातातल्या कॅमेऱ्याने टिपलेलं ते दृश्य बातमीपटासारखं वाटलं, लोक हादरले. तिथे तो कॅमेरा म्हणत होता, हे खरं आहे, बघा. तीच युक्ती पुढे इतक्या जणांनी उचलली, की आता कॅमेरा हलला म्हणजे माणूस गरीब असं समीकरण होऊन बसलं. युक्तीचा दोष नाही. ती कशाला शोधली होती हेच विसरलं गेलं.

ध्वनीसाठी ते रडणारं मूल हटवलं. रेकॉर्डिस्टने मूळ घरात जाऊन, सगळ्यांना गप्प करून दोन मिनिटं खोलीचा नुसता आवाज टिपला. पंख्याची लय, बाहेरची पावलं, बाकी काही नाही. आणि बंगल्यालाही आवाज दिला: फ्रिजची घरघर, वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढल्याचा आवाज. श्रीमंतांची घरं मुकी नसतात, पण हे पहिल्या आठवड्यात कुणालाच सुचलं नव्हतं.

परिणाम

दिवाणखान्यातला प्रवेश पुन्हा चित्रित केला. या वेळी प्रवेश बाईंचा. मागच्या रांगेत उभं असतानाही फोकस त्यांच्यावर. आणि तिथे असं काही घडलं जे कागदावर नव्हतं. ताईंनी ट्रे टेबलावर ठेवला, कपांवरून नजर फिरवली आणि एका कपाचा कान पाहुण्यांच्या उजव्या हाताकडे वळवला. सहज, बोटाच्या टोकाने. मग बातमी सांगितली. वीस वर्षांचं कसब त्या एका बोटात दिसलं. ताईंना नंतर विचारलं तर म्हणाल्या, “मी ते पहिल्या दिवशीही केलं होतं दादा.” जुनं फुटेज काढून पाहिलं. खरंच केलं होतं, धूसर फोकसमध्ये.

लेखकांनी हा भाग पाहिला आणि बाईंना न बोलण्याच्या जागा लिहायला लागले. आधी बाईंकडे सतत बोलणं होतं, कारण बोलल्याशिवाय त्या पडद्यावर असल्याचं कळत नव्हतं.

वाहिनीकडून तक्रार आलीच: प्रोमोत दोन्ही घरं सारखी दिसतात. तडजोड झाली. प्रत्येक प्रवेशाची सुरुवात दोन सेकंदांच्या पाटीने, बंगल्याला क्रेन, गल्लीला हलता कॅमेरा. रंगातला फरकही निम्मा परत आला. मला तो अजून खटकतो, पण मॅडमचा मुद्दा साफ चुकीचा होता असं आजही म्हणणार नाही. रेटिंगवर या सगळ्याचा परिणाम झाला का, हे सांगता येत नाही. त्याच सुमारास मालिकेची वेळ बदलली होती आणि कथानकाने मोठं वळण घेतलं होतं.

नियम टिकले ते फुकटात पाळता येणारे. हाताशी तयार भागांची बँक होती तोवर भिंत सरकत होती. बँक संपली, आज चित्रित केलेलं उद्या दाखवायची वेळ आली, आणि भिंत सरकवायला लागणारी वीस मिनिटं कुणाकडे उरली नाहीत. भिंत हलेनाशी झाली तसं १८चं लेन्स परत आलं. महत्त्वाचं वाक्य बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर ठेवायचा नियम मात्र शेवटपर्यंत राहिला, कारण त्याला सेटवर काही लागत नाही, संकलनाच्या टेबलावर पाळता येतो.

आज तेच काम हाती आलं तर

भिंतीची गोष्ट सेट बांधण्याआधी काढेन. वर्ग कसा दिसणार हे निम्मं सुताराच्या आराखड्यात ठरतं, आणि त्या बैठकीला संकलक सोडाच, छायाचित्रकारही कधीकधी नसतो. पहिल्या दिवशीच्या फुटेजवर रेघा मारेन. त्याला अर्धा तास लागतो. आम्ही तो आठवडाभर उशिरा दिला आणि मग दोन भाग देव्हाऱ्यात घालवले.

मालकीणबाईंच्या बाबतीत मात्र आम्ही काहीच केलं नाही, हे कबूल करायला हवं. त्यांचा साचा अनेक क्लोजअपखाली झाकला गेला होता. काटेकोर मधोमध बसवलेली चौकट, भोवती रिकामी जागा, लांबून हळूहळू पुढे सरकणारा कॅमेरा: श्रीमंत, थंड, एकटी. ती भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीने कधी तक्रार केली नाही. पंधरा क्लोजअप मिळत असताना कोण करेल. पण बाईंचा कप वळवणारा हात जसा सापडला, तसं काही त्यांच्यात शोधायला आम्ही कॅमेरा कधी नेलाच नाही.

आणि ड्रायव्हर. मालिका संपत आली तेव्हा शेवटच्या भागासाठी सगळ्या पात्रांच्या जुन्या क्षणांची एक माळ करायची होती. दोनशेहून जास्त भागांत होते ते. आरशातले डोळे मिळाले, मानेचा मागचा भाग मिळाला, दार उघडणारा हात मिळाला. समोरून, स्वच्छ फोकसमधला चेहरा काही केल्या सापडेना. सहायकाने रात्री उशिरा एक शॉट शोधून आणला. गाडी बंद पडते तो भाग होता. बॉनेट उघडून ते आत वाकले आहेत.

मी तोच लावला.